डांबरी रस्ता ‘सुवाहक’ म्हणावा का?

प्रश्न : मुलीच्या आठवीच्या प्रकल्पवहीत वाक्य आहे, “डांबरी रस्ता उष्णतेचा सुवाहक असल्यामुळे दुपारी फार तापतो.” इथं ‘सुवाहक’ चालेल का?

उत्तर : नाही ताई, तो शब्द काढाच. सुवाहक म्हणजे ज्यातून उष्णता भराभर पुढं जाते ते. तांबं, लोखंड. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. रस्त्याच्या डांबरी मालाची साधारण १ ते २. त्यातही डांबर एकटं घेतलं तर जेमतेम ०.१७. मालात वजनानं डांबर पाच-सहा टक्केच असतं, बाकी सगळी खडी आणि कच. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. उष्णता वाहते ती मुख्यतः या खडीतून. मधे राहिलेली हवेची छिद्रं तिला अडवतात.

रस्त्याच्या कामावर हे रोज दिसतं. प्लांटवरून माल सुमारे १५० अंशांना निघतो, वर ताडपत्री असते. डंपर साइटवर येईतो माल वरून साय धरल्यासारखा घट्ट होतो, पण फावडं खुपसलं की आतून वाफाळता निघतो. माल सुवाहक असता तर सगळा एकसारखा गार पडला असता.

मग रस्ता तापतो का? काळा आहे म्हणून. नवा रस्ता अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे ९५ टक्के शोषतो. चैत्रात जोतिबाला अनवाणी निघालेली माणसं बघा, रस्ता ओलांडताना झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच पाय ठेवतात. खाली माल तोच, वाहकता तीच, फक्त रंग बदलला. रस्ता जुना झाला, वरचं डांबर झिजून खडी उघडी पडली, की तो करडा दिसतो आणि थोडा कमी तापतो.

‘सुवाहक’च्या जागी ‘उष्णताशोषक’ म्हटलं तर बरोबर आहे, पण मला विचाराल तर घरातले शब्द जास्त नेमके आहेत. पाठ्यपुस्तकात वहन, अभिसरण, प्रारण शिकवतात. आपल्या बोलण्यात त्यांना चटका, झळ, धग आहेतच. चटका बसायला अंगाला अंग लागावं लागतं. झळ वाऱ्याबरोबर येते. धग लांबूनही जाणवते. रस्ता आणि त्यातलं गटाराचं लोखंडी झाकण उन्हात सारखंच तापलं तरी झाकणाचा चटका मोठा, कारण लोखंड आपली उष्णता तळपायात झटकन ओततं. म्हणून ‘तापलेला’ आणि ‘पोळणारा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

शंका : धग विस्तवाची असते. रस्त्याला धग कशी?

उत्तर : एप्रिलात दिवस मावळल्यावर रंकाळ्याच्या कडेला वारा पडलेला असताना रस्त्यावर थांबून बघा. हवा निवलेली असते, पायात पायताण असतं, तरी पोटऱ्यांना खालून ऊब लागते. लागलं नाही, हललं नाही, तरी पोचलं. धगच ती. विस्तव दिसायलाच हवा असं नाही, निखारा राखेखाली असला तरी आपण धग म्हणतोच की.

आणि ही ऊब रात्रीपर्यंत टिकते त्यालाही शब्द सुचवतो : मुरणं. वाहकता बेताची आणि धारकता, म्हणजे उष्णता धरून ठेवायची क्षमता, भरपूर, त्यामुळं दुपारचं ऊन थरात हळूहळू खाली मुरतं आणि रात्री तसंच सावकाश वर येतं. पाणी जमिनीत मुरतं तसं. ‘उष्णता साठते’ म्हटलं की हा सावकाशपणा हरवतो.

पुरवणी : ‘डांबर’ शब्दाबद्दलही कोणी विचारेल. तो मूळचा दगडी कोळशापासून निघणाऱ्या काळ्या पदार्थाचा, म्हणून कपाटातल्या त्या पांढऱ्या गोळ्या डांबरगोळ्या. हल्ली रस्त्यावर पडतं ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातलं बिटुमेन. पण कामावर सगळे डांबरच म्हणतात, आणि तसंच लिहावं.

ताई, वहीत असं लिहायला सांगा : “डांबरी रस्ता काळा असल्यामुळे ऊन शोषून तापतो, त्याची वाहकता कमी असल्यामुळे ती उष्णता आत सावकाश मुरते आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर पडत राहते.”