कोल्हापुरात राहून कांदा-लसूण बंद : बाहेर जेवताना तुम्ही काय करता? (अनुभव धागा; प्रत्येक उत्तराच्या वर ते कुठून आलं ते दिलंय)

मंडळी, बरेच दिवस मनात होतं म्हणून शेवटी लिहितेच. मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आहे, म्हणजे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पोट मात्र रोज बिघडलेलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी लो फॉडमॅप डाएट सांगितलं, डाएटिशियनकडं पाठवलं आणि तिनं जी यादी हातात दिली ती वाचून मला तिथंच रडू आलं. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, बऱ्याचशा डाळी-कडधान्यं नाहीत, दूध नाही. आणि राहायचं कुठं, तर जिथं उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी कांडून ठेवतात त्या कोल्हापुरात.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. फॉडमॅप म्हणजे काही ठरावीक साखरा आणि पिष्टासारखे पदार्थ जे लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, ते पाणी ओढून घेतात आणि पुढं मोठ्या आतड्यात गेले की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात, मग गॅस. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, पण आमच्यासारख्यांचं आतडं तेवढ्या ताणानंसुद्धा दुखतं. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये वापरात आणलं. त्यामुळं आपल्या नेहमीच्या डॉक्टर काकांना हे माहीत नसेल तर त्यांचा दोष नाही, आजार जुना असला तरी हा उपाय नवा आहे.

घरी मी सगळं बसवलं. अडलं ते बाहेर. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर एका ठिकाणी गेले, तिथं काचेपलीकडं डबे मांडलेले असतात, आपण बोट दाखवायचं आणि मुलगा वाडग्यात भरत जातो. मला वाटलं हे तर आपल्यासाठीच, सगळं डोळ्यासमोर आहे. भात घेतला, भाजलेलं चिकन घेतलं, काकडी, टोमॅटो, वरचा सॉस नको म्हटलं. रात्री पोट फुगून असं दुखलं की कूस बदलता येईना. दोन दिवसांनी दुपारी चारला, गर्दी नसताना, परत गेले आणि त्या मुलाला नीट विचारलं. चिकन सकाळीच आलं-लसूण पेस्टमध्ये मुरवून ठेवलेलं, आणि भात ज्या मसाल्यात शिजवला त्यात कांद्याची पावडर. तो मला खोटं बोलला नव्हता, मीच "कांदा आहे का" एवढंच विचारलं होतं आणि दिसणारा कांदा त्यात खरंच नव्हता.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, "दादा, हे सकाळी करून ठेवलंय की आत्ता होणार?" आत्ता तव्यावर होणार असेल तर बदल करता येतो. वाटण आधीच पडलेलं असेल तर कितीही गोड बोललं तरी उपयोग नाही. तुमचं कसं चालतं ते लिहा, मोठं लिहिलं तरी चालेल.

– रंकाळ्याकडून

ताई तुमचं वाचून बरं वाटलं, मला वाटायचं मी एकटाच. आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, महिन्यातनं एकदा मटणाचं ताट ठरलेलं. आता कोल्हापुरात ताटावर बसून तांबडा-पांढरा नको म्हणायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, वाढणारा माणूसच नाराज होतो, त्याला वाटतं चव आवडली नाही. मी सुरवातीला काय करायचो, रस्सा घ्यायचो आणि वरवरचं पाणी पाणी प्यायचो, चोथा खाली ठेवायचो. तरी त्रास व्हायचाच. मग डाएटिशियन मॅडमनी सांगितलं की कांदा-लसणातलं फ्रुक्टन, म्हणजे त्यातलं फॉडमॅप, पाण्यात विरघळतं, त्यामुळं कांदा काढून टाकला तरी ते रश्शात उतरलेलं असतंय, गाळून उपयोग शून्य. तेलात मात्र ते उतरत नाही. म्हणून घरी लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी द्यायची, वास लसणाचा आणि त्रास नाही. पण हे नुसत्या तेलात, रश्शावरच्या तर्रीला हे लागू नाही कारण ती पाण्याबरोबरच उकळलेली असते.

आता मी आदल्या दिवशी खानावळीत फोन करतो. मावशी माझ्यासाठी चार फोडी नुसत्या हळद, मीठ, आल्यात शिजवून बाजूला ठेवतात, मी गेलो की तुपात मिरपूड टाकून परतून देतात. मटणात स्वतःचं फॉडमॅप काहीच नसतं, सगळा प्रश्न वाटणाचा. सोबत ज्वारीची भाकरी आणि साधा भात. पहिल्यांदा त्यांनी ते ताट आणून ठेवलं तेव्हा मला काय बोलावं कळेना. आता ग्रुपमधलं कुणी काही बोलत नाही, उलट माझ्यातलं दोन फोडी उचलतात.

– गंगावेशीतून

उपवासाचं मागा!! एवढंच सांगायला आले. उपवासाच्या पदार्थात कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि दाण्याची आमटी. शेंगदाणा आपल्याला चालतो, बटाटा चालतो. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला तर कुठंही सहज मिळतं. फक्त रताळं जास्त खाऊ नका आणि खजूर अजिबात नको. खिचडीबरोबर दही देतात ते मी दोन चमचेच घेते.

– शाहूपुरीतून

वरच्या ताईंना अनुमोदन. पण एक सावध करतो, जैन मेनूवर डोळे झाकून विसंबू नका. मी सहा महिने तेच करत होतो. कांदा-लसूण नाही म्हणजे झालं असं वाटायचं. पण मग ग्रेव्ही दाट कशानं करतात? काजूनं. काजू आपल्या यादीत नको मध्ये आहे. शिवाय भाजीत फ्लॉवर, मटार. जैन पावभाजी खाल्ली तर पाव गव्हाचा आणि भाजीत वाटाणा, म्हणजे कांदा सोडून बाकी सगळं आलंच. जैन काउंटरवर मी आता फक्त साधा डोसा आणि पातळ नसलेली खोबऱ्याची चटणी घेतो, सांबार नाही. लोणी डोसा असेल तर उत्तमच, लोण्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी थोडं.

आणि एक, ग्लूटेन फ्री लिहिलेलं बघून खूश होऊ नका. आपलं भांडण ग्लूटेनशी, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाशी, नाहीच, गव्हातल्या फ्रुक्टनशी आहे. ग्लूटेन फ्री म्हणून बेसनाचा रोल दिला एका ठिकाणी, आणि हरभरा डाळीनं माझे पुढचे दोन दिवस गेले.

– शिवाजी विद्यापीठ हॉस्टेल

मी एमएस्सीला आहे, पैसे कमी आणि रोज बाहेरच खायचं. चायनीजच्या गाड्यावर माझं जमलंय ते असं की पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो, पांढरा गड्डा चालत नाही. गाड्यावाल्या दादांना मी सांगितलं की पात तेवढी टाका, लसूण पेस्ट नको, शेजवान नको, अंडं दोन घाला. सोया सॉस चालतो. कढई एकदा पुसून घ्या म्हणतो. पहिल्यांदा त्यांना विचित्र वाटलं, आता लांबनं बघूनच "पातवाला राईस" म्हणून ओरडतात. सकाळी बिनकांद्याचे बटाटे पोहे, आणि काहीच नाही मिळालं तर डबल ऑम्लेट फक्त मिरची-कोथिंबीर घालून. अंडं कधी दगा देत नाही. भडंग मात्र बंद करावं लागलं, त्यात लसूण असतो, ते फार जीवावर आलं.

– लक्ष्मीपुरीतून, हॉटेलवाला

मी गल्ल्याच्या ह्या बाजूचा माणूस आहे. माझं स्वतःचं पोट चांगलं आहे पण बायकोला हाच त्रास, म्हणून हा धागा पूर्ण वाचला. तुम्हा लोकांना थोडं आतलं सांगतो.

आमच्याकडं पहाटेपासून वाटण चालू होतं. कांदा-खोबरं भाजून, लसूण, आलं, तीळ, खसखस, सगळं एकदाच वाटून मोठ्या पातेल्यात. दिवसभर त्याच्यातलंच जाणार. त्यामुळं दीड वाजता गर्दीत येऊन तुम्ही म्हणाला की रस्सा बिनलसणाचा द्या, तर तो पोरगा हो म्हणेल आणि आहे तोच आणून देईल. त्याची लबाडी नसते हो, त्याला मागं पंधरा टेबलं असतात. बाराच्या आत या, नाहीतर तीननंतर. आणि वेटरला नको, शक्य असेल तर तव्यावरच्या आचाऱ्यालाच सांगा.

दुसरं, "ॲलर्जी आहे" म्हणू नका, "पथ्य आहे" म्हणा. ॲलर्जी म्हटलं की आमचा माणूस घाबरतो, काही झालं तर आपल्या अंगावर येईल म्हणून सरळ नाही म्हणतो. पथ्य म्हटलं की त्याला कळतं, त्याच्या घरात आजी-आजोबांचं पथ्य त्यानं बघितलेलं असतं. ज्यांना खरंच ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तो शब्द राहू दे.

मासे मागवताना आधी विचारा, पापलेट-सुरमई आम्ही बहुतेक करून मसाला लावूनच ठेवतो. न लावलेला तुकडा असेल तर हळद, मीठ, तिखट, कोकम लावून तांदळाच्या पिठात तळून देतो, पाच मिनिटांचं काम. सोलकढीत लसूण असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

– राजारामपुरीतून

हॉटेलवाल्या दादांनी लई मोलाचं सांगितलं, धन्यवाद.

माझ्याकडनं एवढंच, हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. चिमूटभरानं काही होत नसेल, पण मी घरातनं तांदळाच्या पिठाचा आणलेला हिंग वापरते.

– उद्यमनगरातून

मी जरा वेगळं लिहितो कारण मला हा धागा वाचून काळजी वाटली, बरेच जण वर्षभर सगळंच बंद करून बसलेले दिसतात. ही बंदी दोन ते सहा आठवड्यांचीच आहे!! त्यानंतर एक एक गट परत आणून बघायचा असतो, आणि शेवटी आपल्याला जे सोसत नाही तेवढंच टाळायचं. मी हे डाएटिशियनबरोबर वहीत लिहून लिहून केलं. लसूण, अर्धी पाकळी, तीन दिवस वाढवत नेला, दुसऱ्या दिवशीच नापास. कांदा शिजवलेला एक चमचा ठीक, त्यापुढं नाही. गहू एक चपाती पास, दोनला फुगतं. दूध मात्र मला व्यवस्थित पचतं असं निघालं आणि मी आठ महिने उगीच काळा चहा पीत होतो. पहिल्या दिवशी दूध कट्ट्यावर जाऊन उभ्याउभ्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास घेतला, लहानपणी वडील घेऊन जायचे तिथंच. डोळ्यात पाणी आलं.

मिसळसुद्धा आता महिन्यातनं एकदा खातो. कट चार चमचे, मटकी थोडीशी, पावाऐवजी एकच स्लाइस, आणि त्या दिवशी बाकी सगळं अगदी साधं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण थोडं थोडं करून दिवसभराचं साठत जातं. शिवाय त्रास लगेच होईलच असं नाही, पोटातनं खाली पोचायला तास जातात, म्हणून रात्री दुखलं की रात्रीच्या जेवणाला दोष देण्याआधी दुपारचं आठवा.

– ताराबाई पार्कातून, एक आई

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दोन गोष्टी सगळ्यांनी करा म्हणून हात जोडून सांगते. गहू बंद करायच्या आधी सीलिॲकची (ग्लूटेनमुळं आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या. आम्ही आधी गहू बंद केला, मग तपासणीला गेलो, तर डॉक्टर म्हणाले गहू खात नसताना हा रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो, आणि तिला परत काही आठवडे गहू खायला लावून तपासावं लागलं. ते आठवडे मी विसरणार नाही. दुसरं, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रक्त कमी झालं असेल किंवा रात्री झोपेतून उठावं लागत असेल तर हे डाएट करत बसू नका, आधी पोटाच्या डॉक्टरांकडं जा. आणि वाढत्या वयातल्या मुलांना स्वतःच्या मनानं हे पथ्य लावू नका.

बाहेरचं म्हणाल तर मैत्रिणींबरोबर पिझ्झा खायला जाते तेव्हा ती बटाट्याचे फ्राईज घेते, वरचा मसाला न टाकता फक्त मीठ. तिला खाण्यापेक्षा सगळ्यांबरोबर बसायचं असतं.

– कळंब्यातून

रविवारी घरच्यांबरोबर पन्हाळ्याला चाललोय, पाहुणे आहेत, तिथं सगळे पिठलं-भाकरीवर बसणार. पिठलं बेसनाचं, कांदा भजी पण आलीच. मी काय खाऊ? कुणाला माहीत असेल तर शनिवारच्या आत सांगा.

– धागाकर्ती

गरम ज्वारीची भाकरी तिथं मिळेल, त्यावर लोणी मागा. शेंगदाण्याची चटणी लसणाशिवाय नुसतं जिरं, तिखट, मीठ घालून घरीच कुटा आणि छोट्या डबीत न्या, मी पर्समध्ये कायम ठेवते. मिरची तव्यावर मिठात भाजून द्या म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. वांगं भाजून मिळालं तर त्याचं भरीत तिथंच हातानं कालवा, कांदा न घालता, त्याच डबीतला कूट घालून. मडक्यातलं दही दोन चमचे. आणि भाकरी बारापर्यंतच सांगून ठेवा, हॉटेलवाल्या दादांनी वर सांगितलंय तसं. परत आलात की कसं झालं ते इथं लिहा.