प्राणी डोंगर चढून वाचतील का?

रामबागकर
परवा इंदुरात तुंगनाथ ट्रेकच्या बैठकीत एक काका म्हणाले, "उकाडा वाढला तर प्राणी वर जातील, पाय आहेत त्यांना." मला हे अजिबात पटलं नाही. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे खरंच. पण आपल्या इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर गेलात ना? खाली रान पसरलेलं, वर देऊळ आणि कुंड. डोंगर निमुळता होतो, जागा संपते. पेरूतल्या पांतियाकोया डोंगरावर १९८५ साली पक्षी मोजले होते, २०१७ मध्ये पुन्हा मोजले. बहुतेक जाती वर सरकल्या होत्या. माथ्यावरच्या काही सापडल्याच नाहीत.

नर्मदातीर
असहमत. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात प्राणिशास्त्रज्ञ ग्रिनेल यांनी १९१४ ते १९२० मध्ये नोंदवलेले छोटे सस्तन प्राणी नंतर पुन्हा तपासले. २८ पैकी निम्म्या जाती वर गेल्या, सरासरी ५०० मीटर. बाकीच्या गेल्या नाहीत, म्हणजे सगळ्यांना एकच नियम नाही. अरुणाचलच्या दिबांग खोऱ्यात ३६३० मीटरवर वाघ कॅमेऱ्यात आला, त्याचं खापरही हवामानावर फोडायचं का? तिथले इदू मिश्मी आदिवासी वाघाला भाऊ मानत आलेत.

रामबागकर
वाघाचं मान्य. त्याला उकाड्याचं रानही चालतं. पण पिका नावाच्या प्राण्याचं काय? सशाच्या कुळातला, शेपूट न दिसणारा, मुठीएवढा जीव. तुंगनाथच्या वाटेवर दगडांच्या फटींत राहतो. हिवाळ्यातही तो झोपून काढत नाही. वरचा बर्फच त्याची गोधडी. उन्हाळा तापला की दुपारचं चरणं बंद, बर्फ कमी पडला की थंडी थेट अंगावर. त्यानं कुठे जायचं?

माळव्याची लेक
मला शिखराआधीच्या वाटेची काळजी वाटते. थंडी पुरेना म्हणून हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागा उंचावरच्या लाहौलपर्यंत चढल्या. वर निघालेल्या प्राण्याला आधी आपलं कुंपण आडवं येतं, मग रस्ता, मग हॉटेल.

नर्मदातीर
हा मुद्दा पटला. उंचावरची कुरणं आजच राखता येतील, त्यासाठी तापमान उतरायची वाट बघायला नको. पण सगळे वरच जातात हे मी मान्य करणार नाही. योसेमिटी ज्या डोंगररांगेत आहे त्या सिएरा नेवाडात काही पक्षी पावसामागे खालीही आले.

रामबागकर
पक्ष्यांना पंख आहेत हो. पिकाला एक दरी ओलांडणं जड. पश्चिम घाटात अनामुडी सर्वांत उंच, २६९५ मीटर. तिथल्या नीलगिरी ताहर या रानबकऱ्याला त्याच्या वर जागाच नाही.

नर्मदातीर
तरी आधीच हाय खाऊ नये, असंच मी म्हणेन. ग्रिनेल यांनी वह्या लिहिल्या म्हणून शंभर वर्षांनी तुलना झाली. ट्रेकला पिका कुठे, किती उंचीवर दिसला ते रोज लिहू. उंची मोजायचं घड्याळ माझ्याकडे आहे, वही तुम्ही आणा.