विषय: सोलापुरातलं हॉटेल – बिल वेळेवर, बाकी सगळं उशिरा

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आपल्यातले १४ जण परदेशातून भारतात जाऊन अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर करणार आहेत. चार रात्री मुक्काम सोलापुरातच. मागच्या गटाच्या तक्रारी समोर आहेत: सकाळी सातला पोचूनही दुपारपर्यंत खोली नाही, परदेशी पासपोर्ट बघून दोघांना काउंटरवरूनच नकार, आंघोळीला गार पाणी आणि बिलात सर्व्हिस चार्ज. मॅनेजरचं पालुपद एकच, "ऑनलाइनचं आम्हाला काय माहीत नाही." हॉटेलचं नाव इथे नको. हे टाळायचं कसं, आणि नाहीच टळलं तर करायचं काय, तेवढं सांगा.

– सहल समन्वयक

---

ताई,

आधी गाडीची वेळ बघा, अर्धं भांडण तिथेच आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईहून रात्री निघून सकाळी सातच्या आतबाहेर सोलापुरात येते. हॉटेलचा दिवस मात्र बारा ते बारा. कालचं गिऱ्हाईक खोलीत झोपलेलं असतं, तुम्हाला देणार कुठून? काही लॉज २४ तासांच्या हिशेबावर चालतात, म्हणजे सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातला खोली सोडायची. बुकिंगआधी नेमकं हेच विचारा. बारा ते बारा असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या, नाहीतर सकाळच्या तासांचे किती घेणार ते लिहून मागा. ‘बघू, ॲडजस्ट करू’ या वाक्याला सकाळी सात वाजता काही किंमत नसते.

वंदे भारतचं उलटं. ती रात्री पावणेअकराच्या सुमारास पोचते. बुकिंग ‘पैसे हॉटेलात’ प्रकारचं असेल, तर तोवर तुमची खोली दारात उभ्या माणसाला दिली जाऊ शकते. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची मोठी जत्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा तर हमखास. म्हणून एका रात्रीचे पैसे आगाऊ भरा आणि पोचण्याची वेळ व्हॉट्सॲपवर कळवा.

आता गरम पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हॉटेलं बोअर आणि टँकरवर चालतात. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर क्षार बसतात, मग तास गेला तरी पाणी कोमटच. साबणाला फेस येत नाही तो याच पाण्यामुळे, त्यावरून वेटरशी भांडू नका. जिथे गच्चीवर सोलर किंवा बॉयलर असतो, तिथे पाणी ठरलेल्या वेळेतच, बहुधा सकाळी दोन-तीन तास. पाइप लांब असतो, म्हणून पाच मिनिटं नळ सोडून मगच ‘गार आहे’ म्हणा. १४ माणसं एकाच वेळी आंघोळीला गेली तर शेवटच्या खोलीला काही उरत नाही. मजला वाटून घ्या, वेळ वाटून घ्या.

सामान वर नेण्याआधी एकाने खोली बघावी: गरम नळ, फ्लश, आतली कडी, एसी, चार्जिंगचा पॉइंट. खोली बदलून मिळते ती तेव्हाच. चादरी सुरकुतल्यावर नाही.

– जुळे सोलापूरवाला

---

पासपोर्टचं मी सांगते. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की हॉटेलला २४ तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. हॉटेलवाले त्याला सी-फॉर्म म्हणतात. ओसीआय कार्डवाल्यांचीही (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचीही) माहिती जाते. लहान लॉजकडे पोर्टलचं लॉगिनच नसतं, आणि पोलिसांची कटकट नको म्हणून ‘रूम नाही’ सांगून मोकळे होतात. तेव्हा फोनवर थेट विचारा, "सी-फॉर्म भरता का?" समोरून "कसला फॉर्म?" आलं की दुसरं हॉटेल शोधा. ओसीआयवाल्यांनी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. भारतीय पासपोर्टवाल्यांना हा फॉर्म नाही.

– ओसीआयवाली मावशी

---

सोलापूरवाल्या दादांचं बरोबर, पण बिलाचं राहिलं.

दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. २,५०० च्या खोलीवर १२५ रुपये. ३०० लावले असतील तर जुनाच दर चालवलाय, बिल दुरुस्त करून घ्या. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो आपोआप बिलात घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ‘काढा’ म्हणायचं, आवाज न चढवता.

बुकिंग असून खोली नाकारली तर तिथून हलू नका. ज्या साइटवरून बुक केलं तिला काउंटरवरूनच फोन करा आणि हॉटेलकडून ‘खोली उपलब्ध नाही’ एवढं मेसेजवर तरी घ्या. ते नसेल तर साइट तुम्हालाच ‘आले नाहीत’ ठरवते आणि पैसे जातात. दुसरीकडे घेतलेल्या खोलीची पावती जपा.

परत येऊनही पैसे मिळाले नाहीत तर कार्डाच्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून दावा करा. मुदत साधारण १२० दिवस, काही बँकांची कमी. कार्ड स्वाइप करताना मशीनने चलन विचारलं तर रुपयेच निवडा, डॉलर-पौंडात भाव वाईट लागतो. भारतात असताना ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांची मुदत, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन.

– हिशेब तपासनीस

---

सगळ्यांचे आभार. हॉटेलला हा मेसेज आज पाठवते, काही सुटलं असेल तर रात्रीपर्यंत सांगा:

"१४ माणसं, ७ खोल्या, ४ रात्री. १) चेक-इन २४ तासांचं की १२ ते १२? सकाळी ७ ला आलो तर जादा किती? २) परदेशी पासपोर्ट ५, सी-फॉर्म भरता ना? ३) गरम पाणी खोलीतल्या गिझरचं की ठरावीक वेळेचं? ४) जीएसटी धरून एकूण किती? सर्व्हिस चार्ज देणार नाही. ५) रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत? कृपया फोनवर नको, इथेच लिहून उत्तर द्यावे."

– सहल समन्वयक

---

ताई, सहावा घाला: लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर ती जनरेटरवर चालते का. आपल्यात तिघांचे गुडघे दुखतात.

– जुळे सोलापूरवाला