अनुभव धागा: प्राण्यांवर न तपासलेली साबण-शाम्पू-क्रीम कशी ओळखायची? (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ, सांगली
मारुती रोडवर काय किंवा साताऱ्यात राजवाड्याजवळ काय, 'क्रुएल्टी-फ्री आहे का?' असं विचारलं की दुकानदार सशाचं चित्र असलेली बाटली पुढे सरकवतो. त्या चित्रावर विश्वास किती ठेवायचा? जाणकारांनी लिहावं. एकच विनंती, ब्रँडची नावं टाळा. कंपन्या विकल्या जातात, धोरणं बदलतात आणि धागा वर्षभरात शिळा होतो. काय तपासता, कुठे गफलत होते, तेवढं सांगा.

विश्रामबागचा औषधवाला
आधी कायदा बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे (तेव्हाच्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतला १४८-सी). तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही त्याच वर्षी बंदी आली (१३५-बी). त्यामुळे इथे बनलेल्या साबणावर 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' असं ठळक छापलेलं असेल तर कंपनीने कायदा पाळलाय, बाकी काही नाही.

मग शोधायचं काय? एक म्हणजे कच्चा माल. शाम्पूतलं प्रिझर्व्हेटिव्ह रंगात, औषधातही वापरतात, आणि त्याची चाचणी दुसऱ्याच कायद्याखाली झालेली असू शकते. दुसरं, कंपनी आणखी कुठे माल विकते. चीनमध्ये आयात केलेल्या साध्या प्रसाधनांनाही प्राण्यांवरची चाचणी लागायची. १ मे २०२१ पासून त्यातून अटींवर सूट मिळते, पण केसांचा रंग, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम हे 'विशेष' गटात राहिलं.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार चालते. केशतेल, मलम, दंतमंजन यांच्या मागे 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं असतं. तो माल औषधाच्या परवान्यावर बनतो आणि वरचा नियम प्रसाधनांपुरता आहे. ते तेल प्राण्यांवर तपासलंच असेल असं अजिबात नाही, पण 'बंदी आहे ना, मग झालं' हा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही. तिथे कंपनीलाच विचारायचं.

माणदेशी
आणि हिरवा ठिपका?

विश्रामबागचा औषधवाला
तो घटकांबद्दल असतो, चाचणीशी त्याचा संबंध नाही. हिरव्या ठिपक्याच्या क्रीममधला एखादा घटक सशावर तपासलेला असू शकतो. उलट महाबळेश्वरकडच्या मधाच्या पोळ्यातलं मेण घालून घरी केलेला लिप बाम कुठल्याच प्राण्यावर तपासलेला नसतो, तरी व्हीगन, म्हणजे प्राणिज घटक नसलेला, नसतो. दोन प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर दुकानात निष्कारण वाद होतो.

बारीक अक्षरं, सातारा
घटकयादीबद्दल लिहिते. एक टक्क्याच्या वरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, एक टक्का किंवा त्याखालचे शेवटी कसेही. प्राणिज माल ओळखायला ही नावं पाठ करा: सोडियम टॅलोएट (चरबीचा साबण), लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं), सेरा अल्बा (मधमाशीचं मेण), शेलॅक (किड्यांपासून मिळणारी लाख), केराटिन, कोलाजेन. लालभडक लिपस्टिकमध्ये सीआय ७५४७० हा रंगाचा क्रमांक दिसला तर तो कारमाइन, म्हणजे कोचिनील किड्यांचा रंग. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड चरबीतूनही निघतं, पामतेलातूनही. नावावरून कळत नाही, तिथे ठिपका कामाला येतो. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट ही पाम-नारळाची नावं, त्यांना घाबरू नका.

आता पुडीचं. ६० मिलीपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन मालाच्या पॅकवर घटकयादी छापायची सक्ती नाही. आपल्याकडे बराचसा शाम्पू पुडीतून खपतो आणि पुडीच्या मागे वाचायला काही नसतं. त्याच कंपनीची, त्याच प्रकारची मोठी बाटली दुकानात मागून घ्या, वाचा, आणि मग पुडी घ्या. प्रकार तोच हवा. 'काळे केस'वाल्याची यादी 'कोंडा'वाल्याला चालत नाही.

मिरजेचा प्रयोगशाळावाला
सशाच्या चिन्हांबद्दल. नुसतं सशाचं चित्र कुणीही छापू शकतं. उडी मारणारा ससा आणि तारे असलेलं लीपिंग बनी हे प्रमाणपत्राचं चिन्ह, ती योजना १९९६ पासून आहे. त्यात कंपनी एक तारीख ठरवते, त्यानंतर ना माल ना कच्चा माल प्राण्यांवर तपासायचा. पुरवठादारांकडून लेखी घ्यायचं, दरवर्षी नूतनीकरण, आणि बाहेरचा ऑडिट मान्य करायचा. पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते. दोन्हींत फरक आहे, पण दोन्ही यादीत नाव पडताळता येतं. चित्र आहे आणि यादीत नाव नाही, तर तो ससा छापखान्यातला.

चाचणी म्हणजे नेमकं काय, हेही माहीत असावं. १९४४ पासूनच्या ड्रेझ पद्धतीत पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिली पदार्थ घालतात, दुसरा डोळा तुलनेला मोकळा. मग १, २४, ४८, ७२ तासांनी लाली, सूज, बुबुळाचा गढूळपणा बघून गुण देतात. त्वचेच्या दाहासाठी आता माणसाच्या पेशींपासून वाढवलेला त्वचेचा तुकडा वापरतात. त्यावर पदार्थ ठेवायचा, धुवायचा, ठरलेला वेळ थांबायचं आणि मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो जांभळा करतात. जांभळेपणा मोजला की जिवंत पेशींचं प्रमाण कळतं. ५० टक्के किंवा त्याखाली आलं तर पदार्थ दाहक. एखादी कंपनी 'प्राण्यांशिवाय सुरक्षितता तपासताच येत नाही' म्हणाली तर हे विचारा.

माणदेशी
कंपनीला मेल करताना काय लिहायचं? दरवेळी गोलगोल उत्तर येतं.

बारीक अक्षरं, सातारा
प्रश्न तुकड्यांत विचारा. तयार माल तपासला का? कच्चा माल तुम्ही किंवा पुरवठादाराने तपासला का, आणि कुठल्या तारखेनंतर नाही? दुसऱ्या कुणाकडून पैसे देऊन तपासून घेतला का? कायद्याने चाचणी लागते अशा देशात विकता का? 'आमचं तयार उत्पादन प्राण्यांवर तपासलं जात नाही' असं उत्तर आलं तर कच्च्या मालाबद्दल ते गप्प आहेत असं समजा. 'कायद्याने आवश्यक असल्यास वगळून' हे शेपूट असेल तर चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' धरा. पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी संस्थेची माहितीही चाळा. १९७४ पासून ते या विषयात आहेत.

पार्लर, कराड
ब्रश सगळे विसरतात. दाढीचा आणि मेकअपचा ब्रश 'नॅचरल हेअर' म्हणून महाग विकतात, म्हणजे डुक्कर, बकरी, बॅजर असं काहीतरी. एक केस उपटून जाळा. केस जळाल्याचा वास आला, कोळसा बोटाने चुरला, तर तो प्राण्याचा. वितळून कडक गोळी झाली तर नायलॉन.

कांडप, तासगाव
हे सगळं नको असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून माल घ्या. शिकेकाई ५०० ग्रॅम, बिया काढलेला रिठा २००, आवळकाठी २००, नागरमोथा ५०, मेथी ५०. शेंग कट्‌कन मोडेपर्यंत उन्हात वाळवा. रिठ्याची बी राहिली तर यंत्रात दगडासारखी वाजते आणि पूड जाडी पडते.

खरी चूक दळताना होते. पिठाच्या गिरणीत हे कुणी घेत नाही, म्हणून मिरची-कांडपावर देतात. आधी मिरची झाली असेल तर पूड डोक्यावर लावल्यावर डोळ्यांची आग होते आणि दोष शिकेकाईला. सकाळचा पहिला घाणा मागा, आणि आधी मूठभर शिकेकाई फिरवून ती टाकून द्या. वस्त्रगाळ करा, नाहीतर केसांत कचरा अडकतो.

वापरताना तीन चमचे पूड दीड कप पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जसा चिकट थर बसतो तसा हिचा बसत नाही. पण डोक्याला तेल चापून लावलं असेल तर एका धुण्यात निघणार नाही, आधी बेसन चोळा. उरलेला काढा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो. तेवढाच करा.

पार्लर, कराड
उटण्याला स्वयंपाकाची हळद घालू नका, त्वचा दोन दिवस पिवळी राहते. सांगलीच्या यार्डात हळदीचे ढीग असले तरी चेहऱ्यासाठी आंबेहळद मागा, आणि पूड न घेता अख्खी घेऊन कुटा. फार चमकदार पिवळी पूड दिसली तर रंग मिसळल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
रिठ्याचा फेस डोळ्यात गेला तर?

कांडप, तासगाव
भरपूर साध्या पाण्याने धुवा, चोळू नका. लहान मुलांच्या काढ्यात रिठा निम्म्यावर आणा.