काळजीवाहकांच्या गैरवागणुकीची सामायिक नोंदवही: नियम कसे ठेवावे?

पिंपळपार यांचा प्रश्न

यवतमाळ, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांतल्या सहा लहान निवासी संस्था मिळून एक सामायिक नोंदवही सुरू करायच्या विचारात आहेत. तीन वृद्धाश्रम, दोन बौद्धिक दिव्यांग प्रौढांची निवासगृहं आणि एक मानसिक आजारातून सावरणाऱ्या बायांचं घर. अडचण सगळ्यांची सारखी आहे. काळजीवाहकाने एखाद्या म्हाताऱ्याला मारलं, बांधून ठेवलं किंवा निराधारचे पैसे अंगठा घेऊन परस्पर उचलले, की संस्था त्याला घरी पाठवते. बोभाटा नको म्हणून तक्रार होत नाही. राजीनामा लिहून घेतात, वर अनुभवाचा दाखलाही देतात. दोन महिन्यांत तोच माणूस शेजारच्या तालुक्यात रात्रपाळीला हजर असतो.

नेमणुकीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र मागतो. पण त्यात पोलिसांत नोंदलेलं तेवढंच दिसतं, आणि इथे तर गुन्हा नोंदलाच गेलेला नसतो.

नोंदवहीत कोणती वागणूक घ्यावी, पुरावा किती लागावा, नाव किती वर्षं राहावं आणि ते कोणाला दिसावं, यावर नेमकं मार्गदर्शन हवं आहे. एका संस्थेचं म्हणणं आहे की फोटोसकट नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी आणि गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावावी. हे चालेल का?

कोर्टाची पायरी यांचं उत्तर

फलक आणि ग्रुप, दोन्ही आधी डोक्यातून काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. त्याच कलमात तुमच्या कामाचा एक अपवाद आहे: त्या विषयात ज्याला कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही. ठाणेदार, तहसीलदार, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) या अपवादात बसतात. दोनशे जणांचा ग्रुप बसत नाही. मार्च २०२० मध्ये लखनौत आंदोलकांचे फोटो आणि पत्ते चौकाचौकांत लागले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने खासगीपणाचा भंग म्हणून ते फलक उतरवायचा आदेश दिला. ते तर सरकारी यंत्रणेने लावले होते, तुम्ही खासगी संस्था आहात.

खेड्यात याची दुसरी बाजूही आहे. फलकावर नाव गेलं की त्या घराशी बोलणं-चालणं, लग्नकार्य, विहिरीचं पाणी सगळं तुटतं, आणि शिक्षा बायको-पोरांना होते. समाजाने घर वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे.

प्रौढांना छळणाऱ्यांची सरकारी यादी आपल्याकडे नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना दिसते. त्यामुळे तुमची नोंदवही म्हणजे सहा संस्थांनी आपसात केलेला करार, एवढंच तिचं कायदेशीर वजन. तो करार लेखी करा आणि नेमणूकपत्रात तशी अट घाला: ‘गैरवागणुकीची चौकशी झाल्यास तिचा निष्कर्ष करारातील संस्थांना कळवला जाईल, हे मला वाचून दाखवलं आहे.’ सही किंवा अंगठा, आणि साक्षीदार. ही अट नसेल त्या जुन्या कामगाराची नोंद फिरवू नका.

नेमणूकपत्राचा आणखी एक उपयोग आहे. असहाय माणसाची देखभाल करायचा करार असून जो ती जाणूनबुजून करत नाही, त्याला न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नेमणूक तोंडी असेल, तर करार होता हेच सिद्ध करता करता दमछाक होते.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. नोंदवही आली की संस्था म्हणतील, ‘नाव लिहिलं, आता पोलिसांत कशाला?’ हे होऊ देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ७ प्रमाणे छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो, त्यासाठी नातेवाईक असावं लागत नाही. तालुक्याला ते काम तहसीलदाराकडे असतं. ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं कलम ९२ मध्ये येतं, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने साफ मनाई आहे. म्हणून नोंदीच्या पानावर ‘तक्रार कुठे दिली, तारीख, पोच क्रमांक’ असा रकाना ठेवा. तो रिकामा असेल तर का रिकामा, याचं कारण संस्थाप्रमुखाने स्वतःच्या सहीने लिहावं.

नियमपुस्तक यांचं उत्तर

अशा याद्या चालवणाऱ्या देशांनी कुठे ठेच खाल्ली, ते आधी पाहा.

इंग्लंडमध्ये २००४ पासून असुरक्षित प्रौढांच्या संरक्षणासाठी अशी यादी होती. मालकाने तक्रार पाठवली की कामगाराचं नाव ‘तात्पुरतं’ चढायचं, त्याचं म्हणणं न ऐकता. नाव चढलं की काम बंद, आणि अंतिम निर्णयाला महिनेच्या महिने लागायचे. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ही पद्धत मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. पुढच्या व्यवस्थेत म्हणणं मांडायला आठ आठवडे मिळतात. यादीत नाव गेल्यावर फेरविचार मागायला वयानुसार थांबावं लागतं: १८ च्या आतल्याला एक वर्ष, १८ ते २४ ला पाच, त्यावरच्याला दहा. तिथला एक नियम तुम्ही जसाच्या तसा घ्या. माणूस चौकशीच्या आधी राजीनामा देऊन गेला, तरी संस्थेला माहिती कळवावीच लागते. तुमची गळती नेमकी याच भोकातून होते आहे.

अमेरिकेत नर्सिंग होममधल्या मदतनिसांच्या नोंदवहीला संघीय नियम आहेत. नोटीस मिळाल्यावर सुनावणी मागायला ३० दिवस, मागितल्यापासून १२० दिवसांत ती पूर्ण, आणि निष्कर्ष ठरल्यावर दहा कामकाजी दिवसांत नोंद. कामगाराला निष्कर्ष मान्य नसेल, तर त्याचं छोटं निवेदन त्याच नोंदीला जोडून राहतं. छळाची नोंद कायमची असते. चूक निघाली, कोर्टाने निर्दोष सोडलं किंवा माणूस वारला तरच ती निघते. हयगयीचा एकच प्रसंग असेल आणि तशी वागणूक नेहमीची नसेल, तर वर्षभरानंतर नाव काढायचा अर्ज करता येतो. छळ आणि हयगय वेगळी धरण्यात शहाणपण आहे.

तुमच्यासाठी असं सुचवतो. तक्रार आली त्याच दिवशी कामगाराला त्या निवासीपासून दूर करा, पण पगार चालू ठेवा. हे दूर करणं म्हणजे नोंद नव्हे. दोन दिवसांत लेखी नोटीस द्या: कोणता दिवस, कोणती वेळ, काय केल्याचा आरोप. नोटीस वाचून दाखवा. मेळघाटातल्या माणसाला कोरकूत, तांड्यावरच्या बाईला बंजारा बोलीत समजावणारा बसवा. नाहीतर तिने अंगठा कशावर दिला, हे तिलाच माहीत नसतं. उत्तराला १५ दिवस द्या. सोबत कोणालाही आणायची मुभा असू द्या. चौकशी तिघांनी करावी, त्यात तक्रार करणाऱ्या संस्थेचं कोणी नको आणि एक माणूस सहाही संस्थांच्या बाहेरचा हवा. निवृत्त मुख्याध्यापक चालेल, डॉक्टर असेल तर बरंच. निर्णयाची कारणं लिहा, अर्ध्या पानाची का असेनात. अपिलाला ३० दिवस, आणि अपील ऐकणारे वेगळे.

सामायिक वहीत फक्त ‘सिद्ध’ नोंद जाईल. ‘संशय’, ‘बायका बोलत होत्या’, ‘वागणूक बरी नव्हती’ असले शेरे एकदा शिरले की वही निकामी झाली समजा. मारहाण, लैंगिक छळ, कोंडणं किंवा बांधणं, अन्न-पाणी-औषध रोखणं, डॉक्टरच्या चिठ्ठीविना झोपेची गोळी देणं आणि पैसे उचलणं एवढंच घ्या. वरच्या आवाजात बोलल्याबद्दल समज द्यावी, नोंद करू नये.

आणि संस्थेचा कसूर कामगाराच्या माथी मारू नका. रात्री २५ अंथरुणांमागे एकच बाई असेल, तर दर दोन तासांनी सगळ्यांची कूस बदलणं तिला शक्यच नाही. तिथे पाठीला जखम झाली तर जबाबदार व्यवस्थापन आहे. म्हणून प्रत्येक पानावर त्या पाळीला किती निवासी आणि किती कर्मचारी होते, हे आकडे हवेतच. कमी पगारावर राबणाऱ्या विधवेचं नाव चढवणं सोपं असतं, ट्रस्टीचं नाव कोणी चढवत नाही.

पिंपळपार

फलकाचा विषय बंद केला. पण पुरावा कसा गोळा करायचा? निम्मे निवासी बोलू शकत नाहीत. आणि घरचेच छळत असतील, तर पोराचं, पुतण्याचं नाव या वहीत घ्यायचं का?

पांढरा कोट यांचं उत्तर

बोलू न शकणाऱ्या माणसाचं अंग बोलतं, पण ते घाईने वाचू नये. प्रत्येक निवासीच्या फायलीत शरीराची पुढून आणि मागून काढलेली रेखाकृती ठेवा, साधी झेरॉक्स चालते. आंघोळीच्या वेळी दिसलेली प्रत्येक खूण तिच्यावर जागेवर मांडायची: सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, तारीख, वेळ, बघणाऱ्याची सही. कोणी दाखल होतं त्या दिवशी हेच आधी करा, म्हणजे जुनी खूण नव्या माणसाच्या नावावर जात नाही.

पडल्याचे वळ बहुधा नडगी, गुडघा, कोपर अशा हाडाच्या जागी असतात. चेहरा, मान, कान, पाठ, दंडाची बाजू, मांडीची आतली बाजू इथे वळ असेल, किंवा तो पाच सेंटिमीटरहून मोठा असेल, तर विचारपूस करायलाच हवी. दंडावर चार लहान गोल खुणा एका बाजूला आणि एक विरुद्ध बाजूला, ही पकडीची खूण. मनगटाभोवती सारख्या रुंदीचा पट्टा दिसला, तर बांधल्याचा संशय घ्या.

यात दोन चुका नेहमी होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्याला नुसत्या धरण्यानेही मोठा वळ येतो, म्हणून औषधांची यादी शेजारी ठेवूनच मत बनवा. आणि वळाच्या रंगावरून ‘हा तीन दिवसांपूर्वीचा’ असं कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. त्या अंदाजावर पाळी आणि माणूस ठरवला, तर निर्दोष माणूस अडकतो. गंभीर इजा असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्या आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद करायला सांगा. जखम धुऊन, कपडे बदलून दुसऱ्या दिवशी नेलं, तर बराचसा पुरावा गेलेला असतो.

मे महिन्यात पाणी न पाजणं ही इथली सगळ्यात लपून राहणारी हयगय आहे. पारा ४५ च्या पुढे असताना गडद, थोडी लघवी, कोरडी जीभ आणि अचानक वाढलेला गोंधळ दिसला, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नका. पाण्याचा तक्ता पाळीनुसार भरा. एकाच पेनाने, एका बैठकीत, चोवीस तासांचे सारखे आकडे भरलेला तक्ता बघताच ओळखू येतो.

कोर्टाची पायरी

घरच्यांची नावं या वहीत नकोत. तुमचा करार कामगारांशी आहे, त्यांच्याशी नाही. त्यांच्यासाठी वाटा वेगळ्या आहेत. ज्येष्ठांसाठी २००७ च्या कायद्याखाली एसडीओकडे अर्ज करा. निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा असतो, फार तर ३० दिवस वाढतात. म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडणाऱ्याला कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. सांभाळायच्या अटीवर शेत बक्षीसपत्राने लिहून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ प्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं; अट दस्तातच लिहिलेली असेल तर काम सोपं जातं. बौद्धिक दिव्यांगाचा नेमलेला पालकच पैसे खात असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ च्या कलम १७ खाली स्थानिक स्तर समितीकडे त्याला काढायचा अर्ज करता येतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

ठाण्यात एक गोष्ट आवर्जून विचारा. २००७ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत प्रत्येक पोलीस ठाण्याने ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि ती लोकांना पाहता यावी, असं म्हटलं आहे. म्हाताऱ्यांच्या घरी काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी, त्यांनी मागणी केल्यास, तपासून देणंही त्यात आहे.

नियमपुस्तक

वही ठेवण्याबद्दल राहिलंच होतं. नावाच्या घोळापासून सांभाळा. एका तालुक्यात एकाच नावाचे चार राठोड आणि तीन चव्हाण सहज निघतात. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मवर्ष, मूळ गाव आणि नेमणुकीच्या वेळचा फोटो, या पाचही गोष्टी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका. आधार क्रमांक वहीत लिहू नका.

वही एकाच ठिकाणी, कुलपात. प्रती काढायच्या नाहीत, मोबाइलने फोटो काढायचा नाही. दुसऱ्या संस्थेने उमेदवाराचं नाव, त्याच्या संमतीची सही आणि कोणत्या पदासाठी हे लिहून विचारायचं. उत्तर दोनच प्रकारचं: ‘नोंद नाही’, किंवा ‘नोंद आहे, निर्णयाची प्रत आणि उमेदवाराचं निवेदन सोबत’. विचारणाऱ्याचं नाव आणि तारीख मागच्या पानांवर चढवा. छळ झालेल्या निवासीचं नाव वहीत कुठेच नको, फाइल क्रमांक पुरे.

मुदत हयगयीला दोन वर्षं, पैशांच्या अफरातफरीला पाच, मारहाणीला आणि लैंगिक छळाला दहा, असं मी ठेवीन. दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपलेली पानं दोघांच्या सह्यांनी काढून जाळायची आणि किती पानं जाळली तेवढा आकडा ठरावात लिहायचा, नावं लिहायची नाहीत.