मदत हवी आहे: रिकाम्या पेट बाटल्या कन्व्हेअरवर आडव्या होतात, अनस्क्रॅम्बलर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

कुडाळ एमआयडीसीत आमचं सरबताचं छोटं युनिट आहे. कोकम आणि आवळा सिरप ७०० मिलीच्या काचेच्या बाटलीत बरीच वर्षं भरतोय, त्यात कधी कटकट नव्हती. यंदा २०० मिलीचं तयार कोकम सरबत पेट बाटलीत सुरू केलं आणि तेव्हापासून एक माणूस निव्वळ पडलेल्या बाटल्या उभ्या करायला अडकलाय. उन्हाळ्याच्या तोंडावर हे परवडणारं नाही.

मांडणी अशी. पोरं पिशवीतून बाटल्या काढून टर्न टेबलावर (गोल फिरतं टेबल) उभ्या करतात, तिथून रिन्सर, म्हणजे बाटल्या विसळणारं मशीन. फिलर आणि कॅपर (भरणारं आणि झाकण लावणारं मशीन) पलीकडच्या खोलीत. मधे दोन स्लॅट कन्व्हेअर (पट्ट्यांच्या चेनवर बाटल्या नेणारे) एकापुढे एक, भिंतीतल्या खिडकीतून गेलेले. दोघांच्या सांध्यावर तीनेक बोटं रुंद स्टीलची डेड प्लेट, म्हणजे न हलणारी पट्टी. पुढे बाटल्यांत अंतर पाडणारा स्क्रू, त्या फिलरमध्ये नेणारं खाचांचं चाक म्हणजे स्टार व्हील, मग फिलर. बाटली गोल, व्यास ५४ मिमी, रिकामी असताना फुंकरीनेही हलते. फिलरचा वेग मिनिटाला ४० बाटल्या. कन्व्हेअर मिनिटाला १२ मीटरने चालतात, काचेसाठी लावले होते तसेच.

बाटल्या दोन ठिकाणी पडतात. एक, डेड प्लेटवर. मागून ढकलणारी बाटली आली नाही तर पुढची तिथेच उभी राहते, आणि मागची आली की धक्क्याने आडवी. दुसरं, फिलर थांबला की स्क्रूच्या तोंडाशी. मागून रेटा येतच राहतो, मग मधलीच एखादी बाटली रांगेतून वर उडते. आडवी बाटली स्क्रूत गेली की संपलंच, सगळं थांबवून ओढून काढावी लागते.

मशीनवाल्या पार्टीने अनस्क्रॅम्बलरचं कोटेशन दिलंय. हॉपरमध्ये बाटल्या ओतायच्या, तो त्या उभ्या करून लाईनवर सोडतो. आकडा बघून आमचे भागीदार गप्पच झाले. घ्यावा का? की कन्व्हेअरमध्येच काही करता येईल? काचेची बाटलीही याच लाईनवर चालायला हवी, हे ध्यानात ठेवा.

जुना फिटर:
दादा, कोटेशन आधी बाजूला ठेवा. अनस्क्रॅम्बलर टर्न टेबलावरच्या पोरांचं काम करेल. तुमच्या बाटल्या पडतात रिन्सरच्या पुढे, तिथे तो काय करणार? उलट बाटल्या जास्त वेगाने यायला लागतील आणि पुढे ढीग पडेल.

५४ मिमीची बाटली, मिनिटाला ४०. एकीला एक चिकटून चालल्या तरी २१६० मिमी, म्हणजे जेमतेम सव्वादोन मीटर. तुमची चेन १२ मीटरने पळतेय. रांग तुंबली की ती चेन बाटल्यांच्या बुडाखालून घासत राहते आणि तोच रेटा पुढे जातो. काचेच्या वजनाला तो कळतही नाही, रिकामं पेट उडतं. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर पेटसाठी चार-साडेचार मीटरवर आणा. नसेल तर बसवून घ्या, अनस्क्रॅम्बलरच्या मानाने किरकोळ खर्च आहे. सुरू होतानाचा रॅम्प, म्हणजे हळूहळू वेग घेण्याचा वेळ, दोन-तीन सेकंदांचा ठेवा, झटक्याने चालू केलं तर पहिल्या चार बाटल्या तिथेच लोळतात.

आणि ती डेड प्लेट काढूनच टाका. दुसरा कन्व्हेअर सरकवून दोघांची टोकं हात-दीड हात शेजारी-शेजारी घ्या, दोन्ही चेनची पातळी तंतोतंत एक. गाईड रेल (बाटल्यांना बाजूने आधार देणारी दांडी) थोडी तिरकी वळवली की बाटली चालता-चालता या चेनवरून त्या चेनवर जाते, मधे थांबत नाही. वर्कशॉपवाला एका रविवारात करून देईल.

बॉटलिंगवाली:
फिटरदादांशी सहमत, फक्त थोडी भर. दुसरी चेन पहिलीपेक्षा किंचित जलद ठेवा, म्हणजे सांध्यावर बाटल्या एकमेकींपासून सुटतात.

बाजू-बाजूच्या सांध्याचा आणखी एक फायदा आहे. तिथे खालची गाईड काढून फक्त वरची ठेवा आणि बाहेरच्या कडेला ट्रे लावा. उभी बाटली वरच्या गाईडच्या आधाराने पुढे जाते, आडवी त्या गाईडच्या खालून घरंगळत ट्रेमध्ये. स्क्रूपर्यंत आडवी बाटली पोचणारच नाही. काचेच्या दिवशी मात्र खालची गाईड परत लावा, नाहीतर ७०० मिलीची बाटली ट्रेमध्ये, आणि मग झाडू घेऊन बसा.

गाईडमधली मोकळी जागा बघितलीत का? काचेच्या बाटलीसाठी लावलेली रुंदी तशीच असेल तर ५४ मिमीची बाटली नागमोडी चालून दोन्ही बाजूंना अडकते. व्यासापेक्षा तीन-चार मिमी जास्त, बस. दोन्ही बाटल्यांच्या खुणा रेलवर पंच करून ठेवा, ऑपरेटर बदलला तरी घोळ होत नाही.

एक विचारते, चेन सरळ चालते की दचकत?

धागाकर्ता:
दचकत! हळू केल्यावर तर जास्तच. मला वाटलं मोटर दमलीय.

बॉटलिंगवाली:
खालच्या परतीच्या बाजूला बोट लावून बघा. गुलाबी, चिकट काही लागलं तर तो सिरपचा साखरपाक आहे, स्लॅटच्या बिजागरीत आणि वेअर स्ट्रिपवर (चेन जिच्यावरून घासत जाते ती पट्टी) बसलेला. चेन आधी चिकटते, मग सुटते, आणि वरची बाटली तेवढ्यात कलंडते. शिफ्ट संपल्यावर गरम पाण्याने धुवा, ब्रशसकट. प्लॅस्टिक चेनवर पेटसाठी साबणपाणीही बंद, कोरडीच चालवा.

पॅनेलबोर्ड:
फिलर थांबल्यावरचा रेटा वेग कमी करून निम्माच जाईल. स्क्रूच्या आधी मीटरभर अंतरावर सेन्सर लावा. दोन-तीन सेकंद सलग बाटली दिसत राहिली तर रांग तुंबली समजून कन्व्हेअर थांबवायचा, मोकळं झालं की सावकाश सुरू. सेन्सर मात्र पारदर्शक वस्तूंसाठीचा, रिफ्लेक्टरवाला घ्या. साध्याला रिकामी पेट बाटली दिसतच नाही, मग पॅनेलवाल्याला शिव्या बसतात. चेन थांबली की रिन्सरही आपोआप थांबायला हवा, ती जोडणी (इंटरलॉक) विसरू नका.

रिन्सर सारखा बंद-चालू नको असेल तर मधे ९०० मिमीचं एक टर्न टेबल टाका. ५४ मिमीच्या दीडशे-एक बाटल्या आरामात मावतात, फिलरला साडेतीन मिनिटांची उसंत. झाकणं भरायला तेवढा वेळ पुरतो.

धागाकर्ता:
बोट लावलं. गुलाबीच निघालं, वर मुंग्याही. धुलाई सुरू केलीय, व्हीएफडी सांगितलाय, वर्कशॉपवाला रविवारी येतोय. टर्न टेबल सध्या नको, जागा नाही.

एकच राहिलं. आमची चेन ८२.५ मिमी रुंद, स्टीलची. पेटसाठी प्लॅस्टिकची टाकली तर भरलेल्या काचेच्या बाटल्यांचं वजन आणि घासणं तिला झेपेल का? आणि स्प्रॉकेट (चेन ओढणारी दातेरी चाकं) तेच चालतील?

जुना फिटर:
वजन झेपेल, तुमची लाईन लहान आहे. फुटलेल्या काचेचे कण मात्र प्लॅस्टिकमध्ये रुततात आणि चेन झिजते, म्हणून आधी स्टीलच धुऊन चालवून बघा. बदलायचीच झाली तर पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, मोजा. ३८.१ मिमी असेल तर स्प्रॉकेट बहुतेक चालून जातील, तरी एक जुना स्लॅट सोबत घेऊनच दुकानात जा. आणि काढलेले दोन-चार स्लॅट पिनांसकट जपून ठेवा.