सर्व्हरसाठी विंडोज की लिनक्स: कोकणातल्या धंद्याला काय परवडतं?

कलमबाग

देवगड तालुक्यात आमचा आंब्या-काजूचा घरचा धंदा. मार्च ते मे पेट्या वाशीला, डागी आणि बारका माल कॅनिंगला, पावसाळ्यात काजूगराचं काम. ऑफिस आणि पॅकिंग शेड मिळून पंधराएक कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले. त्याच्यावर टॅली, हजेरीचं सॉफ्टवेअर, लेबलांच्या फाइली, निर्यातीचे कागद. हे सगळं विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू वर चाललंय, आणि त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपले.

विक्रेत्याचं कोटेशन आलंय: नवं मशीन आणि विंडोज सर्व्हर २०२५. स्टँडर्डची कंपनीची जाहीर किंमत १,१७६ डॉलर, म्हणजे करासकट लाखाच्या वर. मशीनच्या प्रोसेसरला आठच कोअर असले तरी लायसन्स किमान सोळा कोअरचं घ्यायचं. वर दर माणसामागे किंवा दर कॉम्प्युटरमागे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना, वेगळं. शेडवरून रिमोट डेस्कटॉप (लांबून सर्व्हरच्याच पडद्यावर काम करणं) वापरायचा तर त्याचं आणखी वेगळं. खाऱ्या हवेत आमच्याकडे मदरबोर्ड पाच-सहा वर्षांत हिरवा पडतो, आणि मशीनबरोबर आलेलं लायसन्स मशीनबरोबरच जातं.

माझं मत: असल्या धंद्याने सर्व्हरच्या विंडोजला पैसे मोजू नयेत. डेबियन नाहीतर उबुंटू, म्हणजे फुकटचं लिनक्स, टाकावं. पुण्यात आयटीत असलेला भाचाही हेच म्हणतो. पटत नसेल त्यांनी कारणासकट लिहावं.

सर्किट_कुडाळ

नाही पटत. आधीच सांगतो, माझं हार्डवेअरचं दुकान आहे, विंडोज विकलं की मला दोन पैसे सुटतात. तेवढं वजा करून वाचा.

टॅली विंडोजचं. हजेरीच्या यंत्राबरोबर येणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजचंच. लेबलं श्रीलिपीत केली असतील तर तेही विंडोजच. मग सर्व्हरवर लिनक्स टाकून नेमकं काय वाचवणार? आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री अकरा वाजता, ट्रक दारात उभा आणि चलन निघत नाही, तेव्हा कोणाला फोन लावणार? कुडाळ-कणकवलीत विंडोज जाणणारी दहा पोरं मिळतील. लिनक्सवाला शोधायला पणजी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. भाचा पुण्याहून फोनवर कमांड सांगणार आणि तुमचा दिवाणजी टाइप करणार, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

पेंग्विन_गुहागर

दिवाणजीचं चित्र मस्त आहे, पण खोटं आहे. सर्व्हरची दुरुस्ती आता कोणी शेजारी बसून करत नाही, लिनक्सची तर नाहीच. मी गुहागरात घरी बसून परगावच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. लाइन चालू असली की झालं.

टॅली विंडोजचं आहे ते कारकुनाच्या टेबलावर. डेटाचं फोल्डर कुठल्या मशीनवर पडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लिनक्सवर सांबा टाकलं की विंडोजवाल्यांना ते नेहमीच्या नेटवर्क ड्राइव्हसारखंच दिसतं. अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ मध्ये याची सुरुवात केली, आणि डिसेंबर २०१२ च्या ४.० पासून सांबा डोमेन कंट्रोलरचंही काम करतं. म्हणजे लॉगिन, पासवर्ड, कोणाला कुठलं फोल्डर दिसावं, सगळं. कॅल शून्य. सोळावा माणूस ठेवलात तर फक्त खुर्ची घ्या.

आणि ती दहा पोरं काय करतात हेही लिहा की. रीस्टार्ट मारतात, क्रॅक केलेला अ‍ॅक्टिव्हेटर चालवतात, घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट राउटरवर सताड उघडा ठेवतात आणि पासवर्ड ठेवतात दुकानाच्या नावापुढे १२३. खंडणीवाले व्हायरस याच दाराने आत येतात.

सर्किट_कुडाळ

क्रॅक मी टाकत नाही. बाकीच्यांबद्दल बोलत नाही.

जमाखर्च

मी सीए, रत्नागिरीत प्रॅक्टिस. दोघांच्या मधे पाय घालतो, कारण टॅलीबद्दल अर्धवट लिहिलं गेलंय.

सांबावर फोल्डर ठेवून टॅली चालतं, खरं आहे. पण एकाच फोल्डरवर दहा-बारा जण एका वेळी नोंदी करत असतील आणि त्यातले तिघे शेडमधून वायफायवर असतील, तर लिंक मधेच तुटली की डेटा खराब होतो. मग रीराइट (टॅलीतली डेटा दुरुस्ती) करत बसा, आणि नेमकी ती नोंद गायब. फोल्डर विंडोजवर असो की लिनक्सवर, हा धोका तोच. त्यावरचा इलाज म्हणजे एकतर टॅलीप्राइम सर्व्हर, जो फक्त विंडोजवर चालतो, नाहीतर सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने एकाच मशीनवर काम करणं. तेही विंडोजच आलं. तेव्हा कलमबाग, टॅलीपुरता तुमचा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमचा उरलेलाच नाही.

दुसरं, धंदा प्रायव्हेट लिमिटेड आहे का? असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअपही भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा. २०२२ च्या दुरुस्तीआधी नियमात ठरावीक काळाने असं होतं. भागीदारी किंवा प्रोप्रायटरी असेल तर कंपनी कायद्याचं हे लागू नाही. ऑडिटर विचारतो तो बॅकअप कधीचा आहे ते. तो कुठल्या सिस्टिमने घेतला हे आजवर मी कोणाला विचारलेलं नाही.

मालवणी_खाजा

रे बाबांनो, ह्या सगळा खरा, पण माझा हॉटेल आसा. काउंटरवरच्या विंडोज ११ प्रो चो फोल्डर शेअर केलंय, चार मशिनी जोडलेल्यो आसत. भागता मा? सर्व्हर व्हयोच कित्याक?

सर्किट_कुडाळ

@मालवणी_खाजा, चार मशिनींना भागतं, खुशाल चालवा. पण साधं विंडोज एका वेळी वीसच यंत्रांना आत घेतं, एकविसावं बाहेर. कलमबागांकडे आज पंधरा कॉम्प्युटर आहेत. हजेरीचं यंत्र, वायफाय प्रिंटर, मालकांचा लॅपटॉप धरा, कुठे जातो आकडा? ऐन हंगामात एखाद्याला फोल्डर उघडेनासं होतं आणि कारण कोणालाच कळत नाही. शिवाय ते मशीन विंडोज १० वर असेल तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

पेंग्विन_गुहागर

@जमाखर्च, मान्य. टॅलीला विंडोज लागतंच. मग असं करा: मशीनवर थेट प्रॉक्समॉक्स टाका. एका मशीनच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर ते, डेबियनवरच बेतलेलं आहे, फुकट आहे. त्याच्या पोटात एक विंडोज सर्व्हर टॅलीसाठी आणि एक लिनक्स बाकी सगळ्यासाठी. विंडोज बिघडलं तर कालच्या प्रतीवर परत जायला काही मिनिटं लागतात.

सर्किट_कुडाळ

आता आलात वाटेवर! पोटात ठेवलं तरी विंडोजचं लायसन्स मशीनच्या सगळ्या कोअरचंच घ्यावं लागतं, किमान सोळा. कॅलही तेवढीच. म्हणजे कोटेशनमधला तो लाख होता तिथेच राहिला, वर प्रॉक्समॉक्स सांभाळणारा माणूस नवा. आणि प्रतीच हव्यात तर त्याच स्टँडर्ड लायसन्समध्ये मायक्रोसॉफ्टचं तसलंच हायपर-व्ही येतं, दोन व्हर्च्युअल विंडोज चालवायला परवानगी येते. तेवढं पुरे की.

पेंग्विन_गुहागर

लायसन्सचा मुद्दा बरोबर. पण फक्त पैशांवर का बोलतोय आपण? २७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर आडवी झाली आणि न्हावा-शेव्याचं तिचं टर्मिनल ठप्प झालं. उरण आपल्याच कोकणात येतं ना? कंटेनर उचलायचा कुठला आणि ठेवायचा कुठे, हे सांगणारी यंत्रणाच गेली. सगळं विंडोज. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभारावे लागले.

सर्किट_कुडाळ

तो ज्या भोकातून पसरला त्याचं पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. लावलं नाही हा दोष कोणाचा? उद्या तुमचं डेबियन दोन वर्षं अपडेट न करता ठेवलं तर ते काय देवाच्या भरवशावर सुरक्षित राहणार?

पेंग्विन_गुहागर

अर्धंच सांगताय. एक जुनं मशीन सापडलं की तिथल्या मेमरीतून पासवर्ड चोरून तो पॅच लावलेल्या मशीनमध्येही शिरत होता. सगळे एकाच डोमेनमध्ये, एकाच अ‍ॅडमिन पासवर्डवर, हेच तर विंडोज ऑफिसचं नेहमीचं रूप.

दाभोळखाडी

अवांतर: मर्स्कच्या गोष्टीत मला आवडतो तो शेवट. डोमेन कंट्रोलरच्या जगभरच्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे सगळ्या पुसल्या गेल्या. वाचली फक्त घानातली एक, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती. आपल्याकडे ही सुरक्षा व्यवस्था रोज दुपारी फुकट मिळते.

आता विषयावर. मी दापोलीकडचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं आणि आमच्या भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा विंडोज आणि लिनक्स दोन्ही सारखेच काळे पडदे होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तळमजल्यावरच्या दुकानांत सर्व्हरही बुडाले आणि त्यावर ठेवलेली बॅकअपची डिस्कही. कलमबागांनी कोटेशन लिहिलं, पण त्यात बॅकअपची ओळ दिसली नाही. यूपीएस किती मिनिटं देतो आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होतो का, तेही नाही. दोन्ही सिस्टिमवर ही सोय करता येते, करत कोणी नाही.

सर्किट_कुडाळ

@दाभोळखाडी, सहमत. मात्र लिनक्सवाल्यांना एक विचारायचं राहिलं. फुकट म्हणता, ते टिकतं किती? सेंटओएस ८ या फुकट लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं धरून लोकांनी ते बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्यामागच्या रेड हॅट कंपनीने सांगितलं, ३१ डिसेंबर २०२१ ला बंद. सात वर्षांहून जास्त काळ एका घोषणेत गेला. आणि मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण? लिनक्समधलं फाइली आवळायचं सॉफ्टवेअर ते. एका सांभाळणाऱ्याने कित्येक महिने विश्वास कमावून चोरदार घातलं. ते पकडलं कोणी, तर मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने!

पेंग्विन_गुहागर

पकडता आलं कारण कोड सगळ्यांसमोर उघडा होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खोदत गेला आणि मुळाशी पोचला. बंद डब्यात शक्य होतं का हे? डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते चोरदार पोचलंच नव्हतं. एका अपडेटने काय होतं ते १९ जुलै २०२४ ला पाहिलंत ना, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकवली. (हो, त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याआधी काही लिनक्स मशीनही पाडली होती, कोणी सांगायच्या आत मीच सांगतो.)

सेंटओएसचा संताप मलाही आला. पण २०२१ च्या मध्यापर्यंत अल्मा आणि रॉकी ही तशीच फुकट लिनक्स दोन्ही हाताशी होती आणि एक स्क्रिप्ट चालवून लोक तिकडे गेले. एक पैसा न देता. कलमबागांचं २०१२ आर-टू संपलं तेव्हा त्यांच्यापुढे कुठला रस्ता होता? परत विकत घ्या. मुदतीचंच म्हणाल तर उबुंटू २४.०४ प्रो घेतलं तर २०३४ पर्यंत, विंडोज सर्व्हर २०२५ चीही २०३४. बरोबरी.

कलमबाग

सगळ्यांचे आभार. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे रोजच्या बॅकअपचं आम्हाला लागू होतंय. हे इथे कळलं.

मूळ मत थोडं वाकवतो, सोडत नाही. टॅली आणि हजेरी एका विंडोज सर्व्हरवर राहील. रिमोट डेस्कटॉप लागतो तो टॅलीवाल्या पाच जणांनाच, म्हणून ते लायसन्स पाचांचंच, आणि कॅलही फक्त त्या सर्व्हरला हात लावणाऱ्यांपुरतं. बाकी लेबलं, कागदपत्रं, फोटो आणि सगळा बॅकअप डेबियनच्या वेगळ्या मशीनवर. ते पॅकिंग शेडमध्ये नाही, वरच्या माळ्यावर घरात, आणि विंडोजच्या डोमेनबाहेर, वेगळ्या पासवर्डवर. रोज रात्री एक प्रत पुण्याला भाच्याकडे. बाहेरून यायचं ते व्हीपीएनने (सुरक्षित खाजगी जोडणीने), राउटरचा पोर्ट आजच बंद केला.

जमाखर्च

ठीक आहे. फक्त ही उलथापालथ मार्चमध्ये करू नका, वर्षअखेर आणि आंबा एकदम अंगावर येतील. दिवाळीनंतर लगेच करा, आणि जुना सर्व्हर वर्षअखेरपर्यंत तसाच ठेवा, नेटवर्कची वायर काढून.

सर्किट_कुडाळ

योजना वाईट नाही. पण दोन सिस्टिम म्हणजे दोन माणसं. विंडोजचं वर्षाचं मेंटेनन्स घ्यायला जवळचं कोणीही मिळेल. डेबियनचं कोण बघणार, आणि किती घेणार? ते आकड्यात लिहा, मगच फुकट म्हणा. @पेंग्विन_गुहागर, बोला.

पेंग्विन_गुहागर

फुकट नाहीच, माझे पैसे आहेत. आकडा कलमबागांना वेगळा कळवतो, पण अटी इथेच लिहितो. मार्च ते मे रात्री बारापर्यंत फोन उचलेन. अपडेट महिन्यातून एकदा, रविवारी. बॅकअप खरंच परत येतो का ते दर तिमाहीला एक फोल्डर परत आणून दाखवीन. गणपतीत मात्र पाच दिवस फोन बंद.

सर्किट_कुडाळ

गणपतीत आमचंही दुकान बंदच असतं.